मी कुणाचं रक्त सांडलं?

(वाचक भगिनीच्या पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र नाशिकचं आहे. लिहिणाऱ्या बाई जन्माने ख्रिस्ती, माहेर शरणपूर रोडच्या बाजूचं, पणजोबांपासून घर चर्चशी जोडलेलं. नवरा हिंदू, सासर पंचवटीत. लग्न दोन्ही घरांनी कुरकुरत का होईना, मानलं. मुलगा सात वर्षांचा. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, नातवाचं सगळं त्याच बघतात. महिन्यापूर्वी शेजारणीशी बोलताना त्या म्हणाल्या, "मागच्या जन्मी कुणाचं तरी रक्त सांडलं असेल पोराने, ते आता फेडतोय." मुलगा दाराआड होता. रात्री त्याने आईला विचारलं, "मम्मी, मी कुणाचं रक्त सांडलं?"

सासूबाईंचा आग्रह आहे की त्र्यंबकला नारायण नागबली करावा, जोडीने बसावं. माहेरच्या चर्चमधल्या एक मावशी म्हणतात, हा पिढीजात शाप आहे, विश्वासाबाहेर लग्न केल्याने उघडा पडला. उपवास-प्रार्थना करून तोडायला हवा. बाई लिहितात: "खरं सांगते, मला कर्माचं पटायला लागलंय. निदान कारण तरी मिळतं. आमच्याकडे नुसतं 'देवाची इच्छा'. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, की बायबलमध्ये पुनर्जन्म होता, चर्चने तो नंतर काढून टाकला. मी पुनर्जन्म मानला तर ख्रिस्ती राहते का? विधीला बसू का? मुलाला काय सांगू?" जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की नणंदेचा साखरपुडा ठरतोय आणि सासूबाईंना दुसरं नातवंड हवंय.

*

ताई,

तुमच्या प्रश्नांतला शेवटचा आधी घेते, कारण बाकीचे थांबू शकतात. तुमच्या मुलाला उत्तर मिळायचं राहिलंय. तुम्ही त्याला "झोप आता" म्हणून थोपटलंत. त्या क्षणी मीही तेच केलं असतं. पण सात वर्षांच्या पोराच्या हिशेबात आई 'नाही' म्हणाली नाही, म्हणजे 'हो'. गेला महिनाभर तो ते 'हो' घेऊन शाळेत जातोय. तेव्हा आज, लोह काढायची गोळी पाण्यात विरघळेपर्यंत तो ओट्याशी उभा असतो असं तुम्ही लिहिलंय ना, तेव्हा सांगा: "तू कुणाचं रक्त सांडलं नाहीस. कधीच नाही. तुझ्या अंगात रक्त नीट बनत नाही, म्हणून दुसरी माणसं त्यांचं तुला देतात." एवढंच. देव, धर्म, जन्म काही आणू नका. तो पुन्हा विचारेल, तेव्हा हेच शब्द पुन्हा. आजीचं विचारलं, तर "आजी चुकीचं बोलली. तिला तुझी फार काळजी वाटते आणि काळजीत माणसं काहीबाही बोलतात." वाक्य खोटं पाडा, आजीला पाडू नका. सुई टोचताना त्याचा दुसरा हात तीच धरते.

आता "निदान कारण तरी मिळतं" याकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य हेच आहे, आणि सगळ्यात जास्त तपासून घ्यावं असंही हेच.

मी नोकरीची बरीच वर्षं एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. मीही तुमच्यासारखीच मराठी ख्रिस्ती. नवी होते तेव्हा मुलांच्या वॉर्डात एका आईजवळ बसले होते. तिच्या पोराचं फारसं काही राहिलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला मटार सोलत होती, घरून आणलेले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. मी मोठ्या समजूतदारपणे म्हटलं, "देवाची इच्छा असते, ताई." ती मटार सोलता सोलताच म्हणाली, "मग तुमच्या देवाला सांगा मॅडम, इच्छा बदल म्हणावं." मी नंतर कुणालाच ते वाक्य म्हटलं नाही. म्हणजे 'आमच्याकडे नुसतं देवाची इच्छा' ही तुमची तक्रार मला मान्य आहे. आमच्या लोकांनी ते वाक्य पोत्याने वापरलंय. 'देवाला सुंदर कळ्या आवडतात', 'देव झेपेल तेवढंच देतो' हीही त्याचीच भावंडं. हे दुसरं तर बायबलमध्येही नाही. प्रेषित पौलाने करिंथ गावच्या मंडळीला पत्रात लिहिलं ते मोहाबद्दल, की सोसवेल त्यापलीकडे मोहात तो पडू देणार नाही. आजारपणाला ते कुणी आणि कधी चिकटवलं, देव जाणे.

पण म्हणून कर्माच्या विचारात उत्तर पक्कं मिळतं का? त्या विचाराला मी हलकं लेखणार नाही. जगात अंदाधुंदी नाही, केलेलं वाया जात नाही, आणि क्रियमाण कर्म, म्हणजे आत्ता करतो ते, अजून आपल्या हातात आहे, हे म्हणणं लहान नाही. पण त्याच परंपरेतल्या विचारवंतांनी तो प्रश्न तुमच्या सासूबाईंइतका झटक्यात मिटवला नव्हता. ब्रह्मसूत्रात हीच शंका येते: एक सुखी, एक दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? शंकराचार्य उत्तर देतात की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळीकडे सारखा, उगवतं ते ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे. पुढची शंका लगेच येते: मग अगदी पहिल्या वेळी हा फरक कुठून आला? उत्तर: पहिली वेळ अशी नाहीच, संसार अनादि आहे. मला या उत्तराबद्दल आदर आहे. पण बघा, तिथेही 'का'चा दोर हातात धरून मागे मागे गेलं, की शेवटी टोक लागत नाही. गीता तर सरळ म्हणते, गहना कर्मणो गतिः. आणि सासूबाईंना मात्र गुन्हा कोणता, तोही माहीत. रक्तच सांडलं म्हणे.

त्यांना पोथीतलाच दाखला द्यायचा असेल तर महाभारतातल्या मांडव्य ऋषींचा द्या. मौनात बसलेल्या या ऋषींच्या आश्रमात चोरांनी मुद्देमाल लपवला, आणि राजाच्या माणसांनी ऋषींनाच सुळावर चढवलं. पुढे त्यांनी धर्मराजाला गाठून विचारलं, कशाबद्दल ही शिक्षा? धर्मराज म्हणाला, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. कारण मिळालं बरं का, अगदी तंतोतंत, काडीला सूळ. मांडव्यांनी ते ऐकून मान डोलावली नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा म्हणून त्यांनी खुद्द धर्मालाच शाप दिला, तो विदुर होऊन जन्मला. आणि मर्यादा घातली की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाप लागणार नाही. सासूबाई म्हणतील, मागच्या जन्मी तो मोठा होता की. म्हणू देत. पण कारण सांगितलं म्हणजे न्याय झाला असं मानायला नकार देणारा माणूस त्यांच्याच पोथीत आहे, हे त्यांना ऐकू द्या.

दुसरी गोष्ट तुमच्या सासरच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, आणि काही वर्षं चालूनही दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. 'मागच्या जन्मीचं पाप' हे एका पोराला म्हटलं तर ती काळजीतून आलेली जीभ. पण अख्ख्या वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तेच ऐकवलं गेलं आणि त्या जोरावर त्यांना पाणवठ्यावरून, देवळातून बाहेर ठेवलं गेलं. तुमच्या पणजोबांनी शरणपूरची वाट का धरली, हे घरात कुणी कधी सांगितलं असेल तर आठवून बघा. (शरणपूर मुळात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७३ साली आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशाचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. लहानपणी विकल्या गेलेल्या या पोरांचं संचित कुणी आणि कसं मोजायचं, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच: कर्म हा शब्द माणसाने स्वतःच्या आरशासमोर उभं राहून वापरावा. दुसऱ्याच्या, त्यातही लेकराच्या, पलंगाशी उभं राहून वापरला की तो खुलासा राहत नाही, निकाल होतो. तुम्हाला 'कारण' हवंय ते समजतं. पण हे कारण मुलाच्या पदरात अपराध टाकूनच तुम्हाला मिळतं. सौदा फार महाग आहे.

आता मावशींचा 'पिढीजात शाप'. मला सासूबाईंपेक्षा यांचा राग जास्त आला, आपल्या घरचं माणूस म्हणून असेल. त्यांचा आधार निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आहे: वडिलांच्या अन्यायाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. आहे, बायबलमध्ये आहे, नाही म्हणता येत नाही. पण त्याच बायबलमध्ये त्या वाक्याशी भांडणही आहे. बाबेलच्या बंदिवासातले लोक एक म्हण वापरायचे: आईबापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. आपल्याला ती समजावून सांगायला नको. डिसेंबरात दिंडोरीकडच्या एखाद्या बागेत जाऊन पाणी न उतरलेला मणी तोंडात टाका. जबडा आखडतो, दातांवरून जीभ फिरवली तरी शिरशिरी येते, मग दिवसभर भाकरीसुद्धा चावता येत नाही. पण आंबतात ते खाणाऱ्याचेच. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात देव म्हणतो की ही म्हण यापुढे इस्राएलात कुणी वापरायची नाही. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. यिर्मयातही तीच म्हण येते आणि तसाच नकार. मावशींना हा अध्याय वाचायला द्या. आख्खा.

आणि सासूबाई ज्या त्र्यंबकला जायचं म्हणतात, तिथेच निवृत्तिनाथांची समाधी आहे. 'संन्याशाची पोरं' म्हणून ज्या चार भावंडांना गावाने वाळीत टाकलं, त्यांतले थोरले. बापाने संन्यास मोडून संसार केला, आणि दात पोरांचे आंबावेत असं शास्त्र्यांनी ठरवलं. आज पौषात लाखोंच्या दिंड्या त्या पोराच्या दर्शनाला जातात. सासूबाईही एखाद्या वर्षी गेल्या असतील. विचारा त्यांना, निवृत्तीचं काय चुकलं होतं?

तुम्ही लिहिलंय, "पण हे आम्ही दोघांनीच तर त्याला दिलं." इथे वैद्यकाची भाषा आणि शापाची भाषा एकसारखी ऐकू येते, म्हणून घोटाळा होतो. तुम्ही दोघं थॅलेसेमियाचे वाहक आहात. वाहकाला स्वतःला त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. हा जीन इतक्या पिढ्या टिकला, त्याचं मोठं कारण असं मानलं जातं की एकच प्रत असलेल्या माणसांना मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. तुमच्या आणि नवऱ्याच्या कुठल्यातरी पणज्या कदाचित त्याच्या आधारावर तापातून उठल्या असतील. दोन प्रती एकत्र आल्या की मात्र लेकराला रक्त बनवता येत नाही. यात कुणी काही केलेलं नाही. याने दुःख हलकं होणार नाही, पण याला शाप म्हणण्यासारखंही यात काही नाही.

मग येशू काय म्हणतो? योहानाच्या नवव्या अध्यायात तुमच्या घरातला प्रसंगच आहे. जन्मापासून आंधळा माणूस रस्त्यात दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणाचं? याचं, की याच्या आईबापांचं? बघा, सासूबाई आणि मावशी, दोघींचीही उत्तरं एकाच प्रश्नात आहेत. जन्मतः आंधळ्याने पाप कधी केलं असणार, म्हणून काही जण म्हणतात की शिष्यांच्या मनात पूर्वजन्म होता. काही म्हणतात, गर्भात असतानाच्या पापाची कल्पना तेव्हा होती. काहीही असो, येशू दोन्ही पर्याय खोडतो: याचंही नाही, आईबापांचंही नाही. पुढचं वाक्य मात्र मला वर्षानुवर्षं टोचत आलंय: देवाची कार्यं याच्यात प्रकट व्हावीत म्हणून. म्हणजे देवाने स्वतःचं काम दाखवायला एकाला आयुष्यभर आंधळं ठेवलं? मूळ ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती, त्यामुळे काही अभ्यासक ते असं वाचतात: पाप याचंही नाही, आईबापांचंही नाही. देवाची कार्यं याच्यात दिसावीत म्हणून आपण दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे. सगळ्यांना हे वाचन मान्य नाही. मला ते पटतं, कारण येशू पुढे काय करतो ते बघा. व्याख्यान देत नाही. जमिनीवर थुंकतो, चिखल कालवतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. हात मळवतो.

आणि अध्यायाचा शेवट बहुतेक जण वाचायचे सोडून देतात. बरा झालेला तो माणूस परूशी नावाच्या कर्मठ पंथातल्या लोकांना उलट उत्तरं देतो, तेव्हा ते म्हणतात, तू तर सबंध पापातच जन्मलास, आणि त्याला हाकलतात. येशूने नुकतंच खोडलेलं वाक्य, धर्माच्या जाणकारांच्या तोंडून पुन्हा, तीस-बत्तीस ओवींच्या आत. येशूला हे कळतं आणि तो त्या माणसाला शोधत जातो.

त्याच शिलोहातला एक बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. लूकच्या तेराव्या अध्यायात येशू विचारतो, ते काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते? आणि स्वतःच सांगतो, नाही. मग विचारणाऱ्यांकडे वळून म्हणतो, तुम्ही स्वतःचं बघा. बायबलमधला ईयोब काही चूक नसताना सगळं गमावून बसतो. त्याच्या गोष्टीत तिघे मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोवर ते चांगले मित्र असतात. मग तोंडं उघडतात आणि पानंच्या पानं सिद्ध करतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही. पण ईयोबालाही 'का'चं उत्तर तो देत नाही, हेही सांगायला हवं.

तेव्हा तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. निरपराध्याच्या दुःखाचं कारण ख्रिस्ती धर्म सांगत नाही. ज्यांनी सांगायचा प्रयत्न केला, त्यांची उत्तरं पुढे चर्चलाच जड गेली. तो सांगतो ते वेगळंच: ज्याने काही केलं नव्हतं असा एक माणूस खांबावर टांगला गेला आणि बाविसाव्या स्तोत्राचे शब्द ओरडला, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? देवाच्याच मुलाला 'का'चं उत्तर मिळालं नाही, असं मानणारा हा धर्म आहे. तुम्ही रात्री दोनला विचारता तो प्रश्न या धर्मात पाप नाही, प्रार्थनेत मोडतो.

पुनर्जन्माचं थोडक्यात. तो व्हिडिओ चुकीचा आहे. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास ओरिगेन या तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंताच्या नावावरच्या काही मतांचा निषेध झाला. त्यातलं एक मत असं की आत्मे देहाआधीपासून अस्तित्वात असतात. ते पुनर्जन्माहून वेगळं आहे. पुनर्जन्म तर ओरिगेनने स्वतःच मत्तयावरच्या टीकेत नाकारला होता. आणि चौथ्या शतकातली बायबलची हस्तलिखितं आजही आहेत, त्यांतून काही गायब झालेलं नाही. इब्री लोकांस पत्रात लिहिलंय की माणसाला एकदाच मरायचं आहे, आणि प्रमुख चर्चेस तेच शिकवतात. तुम्ही मनात पुनर्जन्माचा विचार आणलात म्हणून कुणी तुमचं नाव रजिस्टरातून खोडणार नाही, पण दोन्ही शिकवणी एकच आहेत असं मी तुम्हाला सांगणार नाही.

फरक कुठे आहे ते मात्र सांगते. गीतेत देह वस्त्र आहे, जुनं टाकून नवं घ्यायचं. तुम्हाला यात दिलासा दिसतो, की पुढच्या खेपेला त्याला बरं शरीर मिळेल. समजते. पण ते मिळेल कुणाला? वरणातला कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावणाऱ्या, आजीच्या अंगावर पाय टाकून झोपणाऱ्या या पोराला? ख्रिस्ती आशा हट्टी आहे. ती म्हणते, हाच. याच नावाचा, याच देहाचा. पुन्हा उठलेल्या येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण गेले नव्हते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. तुमच्या मुलाच्या हातावरच्या सुयांच्या खुणांचा विचार मी त्यावरून करते. हे मी सिद्ध करू शकत नाही, माझा भरवसा आहे एवढंच.

विधीला बसू का, हे मी ठरवू नये. तुमच्या विवेकाला विचारा, आणि पाळकांशी बोला, मावशींशी नव्हे. एका गोष्टीचा विचार करा: सासूबाईंना तत्त्वज्ञान हवंय, की काहीतरी करायला हवंय? नातवाला दर तीन आठवड्यांनी पांढरा पडताना बघायचं आणि हात बांधून बसायचं, हे अडुसष्टव्या वर्षी फार अवघड आहे. तीन दिवसांचा विधी त्यांना हात देतो. तुम्ही ख्रिस्ती म्हणून जोडीने बसणार नसाल, तर तसं नवऱ्याने त्यांना सांगावं, तुम्ही नाही. त्यांना देवदर्शनाला जायचं असेल तर आडवं येऊ नका. दोन गोष्टींवर मात्र दोघंही ठाम राहा: रक्ताची तारीख आणि गोळी एक दिवसही चुकणार नाही, आणि हे 'पोराच्या पापासाठी' आहे असं कुणी त्याच्यादेखत म्हणणार नाही. दोन धर्मांचं घर नाशिकला नवं नाही. शेजारच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आहेच. नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि पुढे आल्या त्या कुणी ओढून नेलं म्हणून नव्हे, आपल्या पायांनी.

आणि सासूबाईंना खरं काम द्या. उन्हाळ्यात आणि दिवाळीत रक्तपेढ्यांत तुटवडा होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांचं भजनी मंडळ आहे, गल्लीत चाळीस घरं ओळखीची आहेत. एक वही करायला सांगा: नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्तदान कधी. असेच फेरे मारणाऱ्या वाचकांसाठीही सांगते: सरकारी रक्तपेढीत थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत देण्याचं धोरण आहे, बदली रक्तदाता आणा असं म्हटलं तर ते विचारा, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या.

दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकीय सल्लागाराला भेटा. तुम्ही दोघंही वाहक असल्याने प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या वेळी झालं म्हणून दुसऱ्या वेळी कमी होत नाही. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेच्या पेशी तपासून कळू शकतं. पुढे काय करायचं हा प्रश्न तुमचा दोघांचा आहे, आणि तो आधी बोलून ठेवलेला बरा. 'मोठ्याला अस्थिमज्जा देता येईल' म्हणून दुसरं आणा, असं कुणी सुचवलं तर घाई करू नका. भावंडाची अस्थिमज्जा जुळण्याची शक्यताही चारांत एकच असते, आणि येणाऱ्या लेकराला स्वतःचं असं येऊ द्यावं.

नणंदेची एचपीएलसी, म्हणजे वाहक आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, साखरपुड्याआधी करून घ्या, भावाला आहे म्हणजे तिलाही असू शकतं. ती वाहक निघाली तरी लग्न मोडायचं कारण नाही, होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी करायची एवढंच. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलांना मेजर होत नाही. सासूबाई हे लपवायला बघतील, बदनामी नको म्हणून. तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या आणि डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.

वहीच्या पहिल्या ओळीवर सासूबाईंचा स्वतःचा रक्तगट लिहा. त्यांचं वय आता देण्याचं राहिलं नाही, पण लिहा. बहुतेक त्यांना तो माहीतही नसेल, तपासायला पुढच्या तारखेला नातवासोबतच घेऊन जा. बोटाला टोचताना हात त्याला धरू दे.